बारवेतला पिंपळ

सेलू तालुक्यातल्या आमच्या वालूरची चक्राकार बारव कितीतरी वर्षं गाळाखाली आणि झुडपांखाली गडप होती. रोहन काळे यांच्या महाराष्ट्र बारव मोहिमेमुळे अशा जुन्या बारवांकडे लोकांचं लक्ष गेलं. आमच्या गावानंही श्रमदानातून ही बारव मोकळी केली. मीही कुदळ घेऊन उतरलो होतो.

झुडपं काढता काढता ध्यानात आलं, की रान इथं एकदम घुसलेलं नाही, पाळीपाळीनं आलंय. उघड्या दगडावर नुसतं दगडफूल होतं, राखाडी पापुद्र्यांसारखं घट्ट चिकटलेलं. त्याच्यातून पाझरणारं आम्ल दगड झिजवतं. ओल धरणाऱ्या कपारीत शेवाळ, शेवाळात अडकलेल्या धुळीत गवत, आणि जिथं बोटभर माती साठली तिथं पाखरांच्या विष्ठेतून पडलेला पिंपळ. हातभर उंचीचं एक रोप मी सांध्यातून ओढलं. वर पानं मोजकीच, पण मूळ दोन चिऱ्यांच्या मधे पट्टीसारखं चपटं होऊन आत गेलेलं. ओढताना तुटलं, उरलेलं आतच राहिलं.

एकानं दुसऱ्यासाठी जागा करायची, या क्रमाला शास्त्रात अनुक्रमण म्हणतात. अमेरिकेत हेन्री कोल्स यांनी १८९९मध्ये मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर तो मांडला. काठापासून आत चालत गेलं, की उघडी वाळू, गवत, झुडपं आणि जंगल असे टप्पे त्यांना ओळीनं दिसले. आपल्याकडं पडीक वावरात हेच बघायला मिळतं. आधी आघाडा नि गाजरगवत, मग कुसळी, पुढं बोर-बाभळी. बाभळीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, तिच्या सावलीत कडुनिंब रुजतो. पण शेळ्या आणि कुऱ्हाड यांनी सवड दिली तरच. नाहीतर काटेरी झुडपांपुढं काही जात नाही. उगवायचं थांबलेलं नसतं, आपणच त्याला वर येऊ देत नाही. बांधावर तरी ते येऊ द्यावं, असं मला फार वाटतं.

बारवेचं मात्र उलटं आहे. एकदा साफ केली म्हणजे झालं, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो. दर पावसाळ्यात धूळ, बी आणि ओल पुन्हा त्याच सांध्यांत जमणार. बुंधा छाटून पिंपळ मरत नाही, खालून फुटवे येतात; मूळ धरायच्या आत, रोप बोटभर असतानाच ते काढायला हवं. गावात पिंपळाला हात लावायला माणसं कचरतात, तो भाव मी मोडणार नाही. म्हणून मुळासकट निघालेली रोपं आम्ही ओढ्याकाठी नेऊन लावतो. तिथं त्यांना पसरायला जागा आहे, आणि बारवेचे चिरेही जागचे हलत नाहीत.