बंदीच्या दिवसांतला ब्रेकफास्ट

मीरा रोडला राहते म्हटलं की समोरच्याचा चेहरा ठरलेला. 'बापरे, रोज तिथून येतेस?' मग लोकलची गर्दी, जागांचे भाव आणि विषय संपला. मीरा-भाईंदर म्हणजे फक्त झोपायला जायचं ठिकाण असं मुंबईकरांना वाटतं, आणि खरं सांगायचं तर इथे राहणाऱ्या निम्म्या लोकांनाही तसंच वाटतं. २००१ च्या जनगणनेत इथली वस्ती पाच लाख वीस हजारांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती आठ लाखांवर गेली. मधे २००२ मध्ये महानगरपालिकाही झाली. म्हणजे दहा वर्षांत जवळपास तीन लाख माणसं वाढली, त्यातली बरीचशी सकाळी लोकलला लटकली आणि रात्री परत येऊन झोपली!

पण बॉस, या शहराला समुद्र आहे. खराखुरा, होड्या आणि मासळीच्या वासासकट. आणि तिथे जायचा रस्ता पावसात बाइकवरून बघितला नसेल, तर तुम्ही मीरा-भाईंदर बघितलंच नाही.

रस्ता सोपा आहे. मीरा रोडहून गोल्डन नेस्ट सर्कल, तिथून भाईंदरचा उड्डाणपूल ओलांडून पश्चिमेला. बिल्डिंगा संपल्या की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं एकामागोमाग एक लागतात. बाजूला मिठागरं आणि खारफुटी. पुढे डोंगरी आणि मग उत्तन. सगळं मिळून जेमतेम बारा-पंधरा किलोमीटर. पाऊण तासात पोहोचता, तेही आरामात.

आरामात हे महत्त्वाचं. पावसात हिरोगिरी चालत नाही. पहिल्या सरीत रस्ता सगळ्यात धोकादायक असतो, कारण उन्हाळाभर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यावर तरंगते आणि डांबराचा साबण होतो. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणं, या दोन गोष्टींवर ब्रेक मारायचा नाही. पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट ठेवायचं. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबायचे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या बाइक्सना एबीएस सक्तीचं आहे, पण टायरची नक्षी झिजली असेल तर एबीएस तरी काय करणार? आणि ज्या पाण्याचा तळ दिसत नाही, त्यात चाक घालायचं नाही. खालचा खड्डा किती खोल आहे हे आत गेल्यावरच कळतं.

आम्ही चौघं आहोत. ऑफिसं वेगळी, सोसायट्या वेगळ्या, ओळख मात्र लोकलच्या प्लॅटफॉर्मवरची. आमच्यात कुणाला नावाने हाक मारत नाहीत, बाइकच्या नावाने मारतात. स्प्लेंडर एका बँकेत आहे, हिशेबात पक्का. बुलेट औषधं विकतो, आवाज बाइकपेक्षा मोठा. युनिकॉर्न सॉफ्टवेअरमध्ये. आणि मी एफझी, ग्रुपमधली एकुलती एक मुलगी. 'पावसात कुठे निघालीस? वेड लागलंय का?' हा आईचा डायलॉग दर रविवारी सव्वासहाला ऐकते आणि किल्ली उचलते. मला पाच दिवस कुठे पोहोचायचं हे दुसरं कुणीतरी ठरवतं. रविवारी मी ठरवते.

त्या रस्त्याची पावसातली एक गंमत आहे, जी मला दोन-तीन वर्षं जाऊन मग लक्षात आली. तिथे पावसात कामं बंद असतात. मिठागरांचा हंगाम मे महिन्यात आटोपतो. पाऊस सुरू झाला की मिठाचे वाफे पाण्याने भरून जातात, मीठ झाकून ठेवलेलं असतं, माणूस दिसत नाही. पुढे उत्तनला किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या, वर ताडपत्री. १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी. समुद्र खवळलेला असतो आणि मासळीचा अंडी घालायचा काळ असतो, म्हणून. एरवी उत्तन म्हणजे बोंबील. डोलाच्या जाळ्यांत सापडलेले, मग बांबूच्या मांडण्यांवर ओळीने लटकवून सुकवलेले. जुलैत त्या मांडण्या रिकाम्या असतात. थोडक्यात काय, मीठ आणि मासळी हे या रस्त्यावरचे दोन जुने धंदे, आणि दोन्ही सुट्टीवर.

आणि आम्ही नेमके तेव्हाच तिथे नाश्त्याला जातो!

हॉटेल म्हणजे काय, तर घराच्या पुढच्या पडवीत टाकलेली तीन टेबलं. वर पत्रा, बोर्ड नाही. आम्ही म्हणतो आंटीचं हॉटेल. तिच्या नवऱ्याची होडी आहे, म्हणजे आंटीच्या भाषेत 'आमची बोट'. मेन्यू विचारायचा नसतो. चहा, आम्लेट-पाव, आणि तिचा मूड असेल तर तव्यावरची गरम तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. मुंबईत वाट्टेल तेवढे पैसे देऊन ब्रंच केलाय मी, पण भिजून गारठलेल्या हाताने ती भाकरी मोडायची मजा... जाऊ दे, जाऊनच बघा. आंटी आधी आमची हेल्मेटं काढून घेते, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबते आणि पालथी न घालता चुलीच्या बाजूला ठेवते. पहिलं वर्ष ती मला 'मॅडम' म्हणायची. आता 'पोरी' म्हणते. हे प्रमोशन मला ऑफिसमधल्या कुठल्याही प्रमोशनपेक्षा आवडलं.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमधला एक रविवार मात्र वेगळा होता. पाऊस असा की पत्र्याखाली एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. बुलेटने ओरडूनच विचारलं, 'ए युनिकॉर्न, माझ्या मावसभावाचा सीव्ही पाठवतो, तुझ्या कंपनीत रेफर कर ना.'

युनिकॉर्न काही बोलला नाही. पावाचा तुकडा चहात बुडवला, तो विरघळून कपात पडला. मग म्हणाला, 'मीच नाहीये तिथे. अठ्ठावीस दिवस झाले.'

टेबल एकदम गप्प. एरवी कधी गप्प न बसणारा बुलेटसुद्धा.

मग हळूहळू बाहेर आलं. एका सकाळी दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, त्याच्यासारखे अजून काही जण, संध्याकाळपर्यंत लॅपटॉप जमा. घरी बायको, दीड वर्षाची मुलगी, फ्लॅटचा हप्ता. आणि घरी कुणालाच माहीत नाही! हा रोज सकाळी डबा घेऊन निघायचा. मीरा रोडकर ज्याला 'उलटं जाणं' म्हणतात तेही करायचा, म्हणजे बसायला जागा मिळावी म्हणून आधी भाईंदरला जायचं आणि तिथून सुटणारी लोकल पकडायची. 'नोकरी नव्हती, पण विंडो सीट होती,' तो हसत म्हणाला. कुणीच हसलं नाही. दिवसभर वेगवेगळ्या मॉलच्या फूड कोर्टमध्ये बसून अर्ज पाठवायचे, डबा कुठेतरी कोपऱ्यात उघडायचा आणि रात्री 'आज खूप काम होतं' म्हणत घरी.

'घरी का नाही सांगितलंस?' मी विचारलं.

'काय सांगू? रिकामा बसलोय म्हणून?'

आंटी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, पण ती बोलली. 'अरे पोरा, आमचं अख्खं गाव दोन महिने रिकामं बसतं. कोण तोंड लपवतं का?'

पडवीच्या दुसऱ्या टोकाला तिचा नवरा जाळं पसरून बसला होता. फाटलेला भाग बोटांनी शोधत, सुई घालत, गाठ मारत. आम्ही येतो तेव्हा तो नेहमी हेच करत असतो. इतक्या वर्षांत मी त्याला 'रिकामा' बघितलेला नाही.

स्प्लेंडर मात्र बँकवाला. तो म्हणाला, 'आंटी, तुमचं वेगळं आहे. तुम्हाला तारीख माहीत असते. ऑगस्ट लागला की होडी पाण्यात. याला कोण तारीख देणार?'

मुद्दा बरोबर होता. आंटीने तो उडवून लावला नाही. म्हणाली, 'तारीख असते. पण त्या दिवशी मासळी मिळेल असं कोण लिहून देतं? डिझेल आणि बर्फ उधारीवर घ्यायचा आणि जायचं. दोन महिने सुक्या मासळीवर काढायचे. पण घरातल्या शेंबड्या पोराला पण माहीत असतं, आता बंदी आहे. कोणी नवीन कपडे मागत नाही.'

मला वाटतं, सगळी गोष्ट या शेवटच्या वाक्यात आहे. आंटीचे दोन महिने काही सुखाचे नसतात. बंदीचे दिवस म्हणजे पिकनिक नाही, तंगीच असते. पण ती तंगी सगळ्या घराची असते. युनिकॉर्नची तंगी त्याच्या एकट्याची होती. त्यात भर म्हणजे 'सगळं ठीक आहे' हे दाखवायचा खर्च वेगळा. लोकलचा पास, फूड कोर्टची कॉफी, आणि त्याच आठवड्यात बायकोने हौसेने बुक केलेली कोकण ट्रिप! तिला माहीत असतं तर तिने ती बुक केली असती का?

आपल्या ऑफिसवाल्यांच्या जगात हंगाम नसतो ना, तिथेच घोळ आहे. बाराही महिने सुगी असल्यासारखं जगायचं. प्रोफाइलवर एका महिन्याची जरी फट दिसली तरी इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न त्याचाच. ज्याच्या आजोबांनी शेती केली, मासेमारी केली किंवा मीठ पिकवलं, त्याला काम बंद असण्याचे दिवस माहीत होते. त्या दिवसांना नाव होतं. आपल्याकडे नाव नाही, म्हणून मग सगळा लपवाछपवीचा मामला.

त्या दिवशी बिल आंटीने चौघांकडूनही घेतलं, नेहमीसारखं, पूर्ण. बुलेट त्याचे पैसे द्यायला पुढे झाला तर त्याला म्हणाली, 'त्याचे तो देईल.' युनिकॉर्नने खिशातून भिजलेली शंभराची नोट काढून दिली. नंतर त्याने मला सांगितलं, त्या महिन्यात सगळ्यात बरं कशाने वाटलं असेल तर त्याने.

त्याच रात्री त्याने बायकोला सांगितलं. ती खूप चिडली. नोकरी गेल्यामुळे नाही, महिनाभर डबा करून घेतल्यामुळे! मग दोघांनी वही घेऊन हिशेब मांडला. ट्रिप रद्द झाली. बायकोने संध्याकाळच्या शिकवण्या घेतल्या, तो मुलीला सांभाळत राहिलेला एक कोर्स पूर्ण करत बसला. स्प्लेंडरने त्याच्या बरोबर बसून हप्त्यांचं गणित लावलं, बुलेटने ओळखीच्या सगळ्या डॉक्टरांच्या मुलांचे, भाच्यांचे नंबर मिळवून दिले. नवी नोकरी लागायला पाच महिने गेले, पगार आधीपेक्षा कमी. सिनेमात असतो तसा शेवट नाही झाला. पण ते पाच महिने त्याने घरी काढले, फूड कोर्टमध्ये नाही.

आमच्या ग्रुपमध्ये तेव्हापासून एक शब्द रुळलाय. कुणाचं काही अडलं तर लांबण लावायची नाही. 'बंदी लागलीय' एवढंच म्हणायचं. मग त्या रविवारी प्रश्न नाहीत, सल्ले मागितल्याशिवाय नाहीत आणि पुढच्या महिन्याचे महागडे प्लॅन्स नाहीत. या मार्चमध्ये बुलेटने म्हटलं. वडिलांच्या ऑपरेशनचा खर्च होता. मे महिन्यात मी म्हटलं. माझं कारण इथे सांगत नाही, पण टेबलावर सांगितलं होतं.

तुम्हाला उत्तनच पाहिजे असं नाही. पुण्याहून, नाशिकहून, ठाण्याहून, कुठूनही तासाभरात एखादी पडवी सापडेलच, जिथे चहा गरम मिळतो आणि हेल्मेट वाळत घातलं जातं. दोन-चार माणसं बरोबर घ्या, ज्यांच्यासमोर बोलता येतं अशी. सोबत एक प्लास्टिकची पिशवी आणि त्यात कोरडे मोजे ठेवा. आणि इंजिन बंद करून टेबलावर बसलात की मोबाइलकडे न बघता शेजारच्याला नीट विचारा, 'काय रे, हंगाम कसा चाललाय?'