साठ मिनिटं

दादाची वही माझ्याकडे आहे. चौकटींची, गणिताची. पहिल्या सहा पानांवर बीजगणित, आणि मग एकदम तळघर. पानागणिक राजवाड्याचा एकेक मजला: जाळीचे दरवाजे, जमिनीतून वर येणारे सुळे, पाय पडला की कोसळणाऱ्या फरश्या. त्यांतून पळणारा राजपुत्र मात्र आमच्या कोसबाडचा. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर गोल डोकं, काडीचे हातपाय. टेकडीखालच्या पाड्यांवर लग्नघरात सुवासिनी तांदळाच्या पिठानं चौक लिहीत, त्यात अशीच माणसं असत. दादाला माणूस काढ म्हटलं की त्याच्या हातून तोच यायचा.

आमच्या कोसबाडच्या बालवाडीच्या अनुताई वाघ गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे 1993 साली, आमच्याकडे कॉम्प्युटर आला. मुंबईच्या काकांच्या ऑफिसनं काढून टाकलेला, काळ्या-पांढऱ्या पडद्याचा. डहाणू रोड स्टेशनपासून बाबांनी तो गोधडीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर धरून आणला. सोबत एक फ्लॉपी होती, तिच्यावर पेननं लिहिलं होतं ‘प्रिन्स’.

प्रिन्स ऑफ पर्शिया. बारा मजले आणि साठ मिनिटं. मेलास तर त्या मजल्याच्या सुरुवातीला परत जायचं, पण गेलेली मिनिटं परत मिळायची नाहीत. खेळ मध्येच जपून ठेवता यायचा, तेव्हा उरलेला वेळही तेवढाच जपला जायचा. त्या वयातही आम्हाला हे न्यायाचं वाटायचं. दादा खेळायचा आणि मी शेजारी स्टुलावर बसून फरश्या मोजायची. ‘अगं, उडी कुठून मारू?’ ‘अजून एक पाऊल, दादा.’ काठावर नेमकं पाऊल पडलं तरच पलीकडची कड हाताला लागायची. एका मजल्यासाठी आठवडा गेला तरी आमची तक्रार नव्हती. बाहेर चिकूच्या बागेत पाऊस लागलेला असायचा, आणि ऐन रंगात लाइट जायची.

दादरच्या आतेभावानं एकदा युक्ती शिकवली. खेळ सुरू करताना नावापुढे ‘मेगाहिट’ टाइप करायचं, मग अधिकचं बटण दाबलं की मिनिटं वाढतात. दादानं एकदा करून पाहिलं, घड्याळ वाढलेलं बघितलं आणि मशीन बंद केलं. ‘मग खेळायचं कशाला?’ एवढंच म्हणाला.

हा खेळ जॉर्डन मेकनर या तरुणानं जवळजवळ एकट्यानं केलेला. 1989 साली तो ॲपल टू या कॉम्प्युटरवर आला. त्यानं आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उडी मारायला, लोंबकळायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेक चौकट गिरवली. राजपुत्राचं ते दमदार, थोडं घसरत थांबणं म्हणजे एका भावाचं खरं पळणं आहे. पुढं मशीनची मेमरी संपली, नवा शत्रू काढायला जागा उरली नाही, तेव्हा त्यानं राजपुत्राचीच चित्रं जराशी सरकवून त्याची सावली उभी केली. ती आरशातून बाहेर पडते आणि बाराव्या मजल्यावर तलवार घेऊन समोर येते. तिला मारलेला घाव आपल्यालाच लागतो.

मग धंदा मोठा झाला. 2003 सालच्या ‘द सँड्स ऑफ टाइम’मध्ये वेळ मागं फिरवणारा खंजीर आला. तो खेळ सुंदरच होता, आणि त्या खंजिरातली वाळूही मोजकी होती. पुढच्याच वर्षी मात्र रक्त आणि कर्कश गिटार आली, कारण तेव्हा बाजाराला रागीट नायक हवा होता. याच मालिकेचा पुढचा भाग करायला घेतला होता, त्यातून 2007 साली ‘असॅसिन्स क्रीड’ निघाला. तो इतका खपला की राजपुत्राला घरातच जागा उरली नाही. 2018 साली तो फोनवर आला, तेव्हा आपला आपण पळत होता, आपण फक्त बोट टेकवायचं. काठावर थांबून विचार करण्याची ती घटका कुणी विकत घेत नाही म्हणून काढून टाकली गेली, आणि माझा राग त्यावर आहे. लग्नचौकातली पालघाट देवी कुणी चादरींवर छापली की मला होतं तसंच इथंही झालं: आकृती तीच, पण ती ज्यासाठी काढली होती ते गेलं.

2020 च्या सप्टेंबरात बातमी आली की ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्यानं घडवला जातोय, आणि तोही युबीसॉफ्टच्या पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत. दादानं मला रात्री अकराला फोन केला. ‘आपल्या पुण्यात होतोय गं!’ झलक पाहून जगभरच्या खेळणाऱ्यांनी चेहऱ्यांना नावं ठेवली, तेव्हा तो घरचं माणूस असल्यासारखा भांडायचा. जानेवारीची तारीख मार्चवर गेली, आणि फेब्रुवारीत तारीखच उरली नाही. ‘होऊ दे सावकाश, चांगला व्हायला वेळ लागतो,’ दादा म्हणाला.

त्या एप्रिलमध्ये दादा गेला. नऊ दिवसांत. मला शेवटचं भेटू दिलं नाही. फोनवर त्याला धाप लागत होती, तरी त्यानं विचारलं, ‘वही आहे ना तुझ्याकडे?’

2022 च्या मे महिन्यात ते काम पुण्या-मुंबईकडून काढून माँट्रियलला नेलं. 2026 च्या जानेवारीत कंपनीनं तो खेळ रद्दच केला. दोन्ही वेळा बातमी वाचताना हात आपसूक फोनकडे गेला.

वहीत प्रत्येक नकाशाखाली दादानं त्या दिवशी उरलेली मिनिटं लिहिली आहेत. लिहिलेल्या शेवटच्या पानावर बारावा मजला आहे. समोरासमोर दोन त्रिकोणी माणसं, एक शाईनं भरलेलं, एक नुसत्या रेषेचं. कितीतरी दिवस घाव घालून आम्ही मरत राहिलो होतो. मग त्याला सुचलं, आणि त्यानं पेन्सिलीनं लिहून ठेवलं: ‘तलवार म्यान. सरळ तिच्यात चालत जा.’ त्याच्याखाली, जरा वाकड्या अक्षरात, बहुतेक अंधारात लिहिलेलं: ‘उरली 4. लाइट गेली.’

पुढचं पान कोरं आहे. त्या पावसाळ्यात ओल धरून मशीन बंद पडलं.