रजिस्टरात नसलेला रकाना

आशा म्हणून निवड झाली तेव्हा वाटलं होतं, गरोदर बायांच्या नोंदी, लसीकरण आणि किशोरींच्या लोहाच्या निळ्या गोळ्या, एवढं जमलं की झालं.

पहिल्याच महिन्यात सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावात हळद निघाली. वाळलेल्या हळदीच्या ढिगाजवळ एक काकू हळकुंडं निवडत होत्या. वय बेचाळीस. हलक्या आवाजात म्हणाल्या, "माय, रात्री अंगातून वाफा निघतात. छातीत धडधडतंय. डोळ्याला डोळा लागत नाही. पाळी कधी पंधरा दिवसांत, कधी दोन महिन्यांनी. पिशवीच काढून टाकावी म्हणते."

मला एक शब्द सुचेना. रजिस्टरात याला रकानाच नव्हता.

उपकेंद्राच्या सिस्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, पाळीचा हुकूम मेंदूतून सुटतो, पिशवी तो पाळते. म्हणून घोर, जागरण, उपासमार झाली की पाळी मागेपुढे होते. चाळिशीनंतर बीजकोश मंदावतात, संप्रेरकं खालीवर होतात, आणि शरीराची ऊब सांभाळणारा मेंदूतला भाग बिथरतो. वाफा, धडधड, तुटकी झोप त्यातूनच येते. मला माझं बारावीचं वर्ष आठवलं. दोन महिने पाळी नव्हती आणि आईनं माझ्यासाठी उपास धरले होते. कुणी एवढं सांगितलं असतं तर!

पिशवीचं ऐकून सिस्टर गंभीर झाल्या. बीडमध्ये २०१९ साली सरकारी समितीनं सुमारे ८२ हजार ऊसतोड बायांची माहिती घेतली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. आमच्याकडूनही जोडपी कोयत्यावर जातात. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर वाफा थांबत नाहीतच, उलट एकदम अंगावर येतात. हाडंही लवकर झिजतात. मात्र पंधरा दिवसांत पाळी येणं अंगावर काढायचं नाही, रक्त आणि थायरॉईड तपासायचंच.

काकूंना घेऊन गेले. हिमोग्लोबिन आठ निघालं. गोळ्या सुरू झाल्या, पिशवीची सोनोग्राफी ठरली. पाळीची तारीख मांडायला सांगितली होती. पुढच्या महिन्यात घरी गेले, तर कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी हळदीच्या बोटाचे दोन ठिपके. काही तारखांवर पेनानं फुल्या.

"ह्या कशाच्या, काकू?"

"झोप न लागल्याच्या. तू पाळीचंच मांड म्हणलीस. मला वाटलं, हेबी त्यातलंच आहे."

मी त्या फुल्या रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर उतरवून घेतल्या.