चाचांनी पाठवलेला व्हिसा

खेड-दापोलीच्या पट्ट्यात १९८०च्या आसपास कुणाच्या घरी ‘व्हिसा आला’ म्हटलं की तो कुणाच्या शब्दावर आला हे अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक असे. अबूधाबीला नाहीतर दम्मामला आधी जाऊन रुळलेला एखादा चाचा, मामा, वाडीतलाच कुणी फोरमन आपल्या कफिलाकडे, म्हणजे व्हिसा काढून देणाऱ्या तिथल्या मालकाकडे, शब्द टाकायचा: पोरगा माझ्या गावचा आहे, कामाला पक्का आहे. मालक त्या शब्दावर कागद काढायचा. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात रिफायनऱ्या आणि बंदरं उभी राहायला लागली. मुंबईच्या गोदीत हात बसलेले कोकणातले वेल्डर, फिटर, सुतार तिकडे हवेच होते.

शब्दाने दार उघडायचं, आत जायचं ते मात्र हाताच्या जोरावर. त्यासाठी मुंबईत ट्रेड टेस्ट व्हायची. पोरं आदल्या रात्री डोंगरीतल्या गावजमातीच्या खोलीवर उतरायची. पाइप वेल्डरला ‘सिक्स जी’ लावत. पाइप पंचेचाळीस अंशांत तिरका, घट्ट आवळलेला; तो फिरवायचा नाही, वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरायचं. कधी वाकून, कधी गुडघ्यावर, तळाचा जोड भरताना ठिणग्या अंगावर घेत. मग त्या जोडाच्या पट्ट्या कापून वाकवून बघत. चीर दिसली की पोरगा घरी. दहावीचं कुणी विचारत नव्हतं, इंग्रजीचंही नाही. आमच्या शेजारचे चाचा सातवी शिकलेले, पण त्यांच्या वेल्डची ओळ शिंप्याच्या टाक्यासारखी एकसारखी पडायची. त्या ओळीवर त्यांनी घर बांधलं, बहिणींची लग्नं केली.

त्या दिवसांची माया मला आहेच, पण त्यातलं दुखणं झाकून ठेवणं पटत नाही. पासपोर्ट कफिलाच्या कपाटात असायचा. नोकरी बदलायची तर त्याची एनओसी, सौदीतून सुट्टीवर यायचं तरी त्याचीच परवानगी. ‘आझाद व्हिसा’ म्हणून जो कागद विकला जाई, त्यावर मालक एक आणि प्रत्यक्ष काम भलत्याकडे. तपासणीत सापडला की भोगायचं कामगाराने. एजंटाचे पैसे भरायला आईच्या पाटल्या गहाण पडत. १९८३च्या कायद्याने एजंटाला परवाना सक्तीचा केला. आता नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर होते आणि एजंटाला ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठीची एनओसीची अट काढली. चाचांची पिढी तिकडे राबत होती तेव्हाच ही अट जायला हवी होती, असं मला फार वाटतं.

आता पोरं जर्मनीचं बोलतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तिकडचा मालक लेखी करार देतो, पगार तिथल्या कामगाराच्या तोडीचा आहे की नाही हे सरकारी रोजगार खातं बघतं, पासपोर्ट पोराच्याच खिशात राहतो. पण आता मोजला जातो तो कागद. उद्योगातल्या ट्रेडचं प्रमाणपत्र न्यूरेंबर्गचं ‘आयएचके फोसा’ हे कार्यालय तपासतं. १ मार्च २०२४ पासून एक सवलत आली: मालकाची तयारी असेल तर पोराने आधी कामावर रुजू व्हायचं आणि प्रमाणपत्राला मान्यता तिथे राहून मिळवायची. त्यासाठी किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण आणि ए-टू पातळीची जर्मन लागते. आयटीआयचा फिटर दोन वर्षांचा, म्हणून तो बसतो. वेल्डर एक वर्षाचा. तो दारातच अडतो, मग हातात कितीही कसब असो.

चाचांचा नातू वेल्डरच आहे. चाचांनी त्याला पहिलं विचारलं ते, ‘टेस्ट कधी आहे?’ टेस्ट नाहीच म्हटल्यावर त्यांना ते खरंच वाटेना. मलाही ही गोष्ट खुपते. भाषेची अट रास्त आहे, लेखी करार तर हवाच. पण जोड भरणाऱ्या माणसाला कुणीतरी एकदा जोड भरायला लावून बघावं, आणि ते होत नसेल तर आपल्या आयटीआयने वेल्डरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा करावा. नातवाने वाट न पाहता फिटरसाठी पुन्हा आयटीआयचा फॉर्म भरला आहे. दिवसा तो गोदीत कामाला जातो आणि संध्याकाळी मोबाइलवर जर्मन शिकतो.