एक बैलगाडी, आठ मोटारी

१९९२ च्या हिवाळ्यात मलकापूरच्या ढेबेवाडी फाट्यावर बसून मी सात रात्री वाहने मोजली आहेत. महाविद्यालयात शिकत होतो, रोजंदारीची गरज होती, आणि रस्त्याच्या वाहतूक-गणनेसाठी पोरे हवी होती. मांडीवर पुठ्ठा, त्यावर छापील तक्ता, डोक्याला मफलर. चार उभ्या रेघा, पाचवी त्यांच्यावर आडवी. पुणे-बंगळूर रस्त्याने जाणारा ट्रक कोणाचा, त्यात काय भरले आहे, तो कुठे थांबणार आहे, याच्याशी आम्हांला कर्तव्य नव्हते. तो गेला, की रेघ पडली.

हे आठवण्याचे कारण असे की गेली काही वर्षे माझे समीक्षालेख जालावर असतात आणि त्यांना किती भेटी झाल्या हे मी रोज सकाळी, सांगायला संकोच वाटतो, चहाच्याही आधी पाहतो. या भेटींना शब्दही वाहतुकीचाच आहे : ट्रॅफिक. मर्ढेकरांवरच्या माझ्या एका बेताच्या लेखाला अकरा हजारांवर भेटी आहेत. ‘लीळाचरित्रा’तील संवादांच्या रचनेवर दोन वर्षे खपून लिहिलेल्या लेखाला दोनशे चौदा. मर्ढेकरांच्या लेखाचा आलेख सत्र-परीक्षांच्या आधी टेकडीसारखा उंचावतो आणि परीक्षा संपताच सपाट होतो. ‘लीळाचरित्रा’च्या लेखाला टेकडी नाही, दरीही नाही.

या आकड्यांनी माझे काय केले तेही सांगितले पाहिजे. मी एका लेखाचे शीर्षक बदलून त्यात ‘परीक्षाभिमुख’ हा शब्द घातला. भेटी वाढल्या. मग महानुभाव गद्यावरचा पुढचा लेख अर्धा लिहून बाजूला ठेवला, कोणासाठी लिहायचा म्हणून. तीस वर्षे वर्गात ‘लेखकाने लोकानुनय करू नये’ असे सांगणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे.

तेव्हा हा आकडा बनतो कसा, हे एकदा नीट समजून घेतले. गूगलचे ॲनालिटिक्स हे मोजणीचे साधन २००५ च्या नोव्हेंबरात सर्वांना फुकट मिळू लागले. त्याच्या जुन्या पद्धतीत वाचक एखाद्या पानावर किती वेळ होता हे ठरायचे ते त्याने पुढचे पान उघडले त्या क्षणावरून. दोन क्षणांतले अंतर, तो वेळ. आता समजा, एखादी विद्यार्थिनी थेट माझ्या लेखावर आली, पंचवीस मिनिटे तो वाचला, वहीत टिपणे काढली आणि दुसरे काहीही न उघडता निघून गेली. दुसरा क्षणच नाही, म्हणून तिचा वेळ शून्य. शिवाय ती ‘आल्या पावली परत गेलेली’ म्हणून वेगळी नोंदली जाणार. याउलट चार पाने भराभर चाळून कंटाळलेला माणूस चांगला वाचक ठरणार. निबंधाचा जो आदर्श वाचक, त्याचीच या हिशेबात शून्य म्हणून नोंद होत होती, आणि त्या शून्यावरून मी माझी सकाळ ठरवत होतो! २०२३ च्या जुलैत ती पद्धत बंद झाली. नव्या पद्धतीत पानावर दहा सेकंदांहून अधिक काळ टिकलेली भेटही ‘गुंतलेली’ समजतात. दहा सेकंदांत ‘लीळाचरित्र’ हे नाव वाचून होते, फार तर चक्रधरांचे.

आमच्या फाट्यावरची मोजणी याहून शहाणी होती, असे आता वाटते. तेव्हा मी गणनेवरच्या अभियंत्याला विचारले होते, की सायकलीलाही एक रेघ आणि ट्रकलाही एकच, हे कसे? त्याने सांगितले की रेघा सारख्या असल्या तरी बेरीज सारखी नसते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या कोष्टकात मोटार एक धरली, तर दुचाकी अर्धी, ट्रक किंवा बस तीन, ट्रॅक्टर-ट्रेलर साडेचार. आणि बैलगाडी आठ. गळिताचा हंगाम होता, उसाच्या गाड्या पहाटेपर्यंत कुरकुरत जात होत्या. त्यांतली एकेक म्हणजे आठ मोटारी! कारण ती सावकाश जाते, जागा व्यापते, मागच्यांना आपल्या गतीने चालायला लावते. अर्थात कोष्टकाच्या लेखी हा अडथळ्याचा हिशेब आहे, गौरवाचा नव्हे. पण सावकाश जाणाऱ्याचे वजन वेगळे धरावे लागते, एवढे तरी रस्ता बांधणाऱ्यांना कळले होते.

म्हणून थोडे वाचक तेच खरे, अशी समजूत मी करून घेणार नाही. १८३२ साली निघालेल्या ‘दर्पण’चे वर्गणीदार ३०० च्या आसपास होते हे आपण मोठ्या अभिमानाने शिकवतो, पण १८४० मध्ये ते बंद पडले हेही त्याच दमात सांगायला हवे. माझ्या दोनशे चौदांत कितीजण चुकून आले असतील, किती नुसते यंत्रांचे फेरफटके असतील, देव जाणे. आणि परीक्षेच्या टेकडीलाही मी फार दिवस हिणवले, ते चुकले.

मागच्या वर्षी उत्तरपत्रिका तपासताना माझेच वाक्य माझ्यासमोर आले. अकरा-बारा पत्रिकांत ते जसेच्या तसे होते : मर्ढेकरांना यंत्राचा राग नव्हता, यंत्रवत झालेल्या माणसाची कीव होती. मी यांत्रिकपणे गुण देत गेलो. पुढे एका पत्रिकेत तेच वाक्य आले, पण ‘कीव’ हा शब्द खोडलेला होता. वर बारीक अक्षरात लिहिले होते, ‘भीती’. आणि समासापर्यंत दाटीने पुढे : कीव दूर उभा राहणाऱ्याला येते, कवी तर त्याच रांगेत उभा आहे.

ती पत्रिका मी बराच वेळ पुढे ठेवून बसलो. शेजारच्या परीक्षकांनी विचारले, “काय हो, अडलात कुठे?”

घरी येऊन मूळ लेख उघडला. तिचे म्हणणे बरोबर आहे की त्याचे, म्हणजे मुलगा की मुलगी हेही मला ठाऊक नाही, पण म्हणणे बरोबर आहे. दुरुस्ती करायची तर पुढचे दोन परिच्छेदही बदलावे लागतील, कारण ते ‘कीव’ या शब्दावरच उभे आहेत. त्याआधी महानुभाव गद्याचा अर्धा राहिलेला लेख बाहेर काढला आहे.