वस्तीने राखलेले कॉलेज

लंडनला जाणारा पाहुणा राजवाडा आणि मोठे घड्याळ पाहून परततो. आम्ही मात्र लॅडब्रोक ग्रोव्ह स्टेशनावर उतरून उत्तर केन्सिंग्टनच्या कष्टकरी वस्तीत गेलो. पोर्टोबेलो रोडचा बाजार ओलांडून गोलबोर्न रोडवर आलो, तर मोरोक्को आणि पोर्तुगालहून आलेल्यांची दुकाने. समोर १९७२ साली पुरा झालेला ३१ मजली ट्रेलिक टॉवर. जवळच वॉर्निंग्टन रोड. आम्हांला पाहायचे होते ते येथील कॉलेज.

हे कॉलेज मोठ्या माणसांचे. ज्यांचे शिक्षण अर्धवट राहिले, जे परदेशातून आले आणि ज्यांना इंग्रजी शिकायचे आहे, ज्यांच्या हातात कला आहे, त्यांच्यासाठी. घराजवळ वर्ग असला तरच पोराबाळांची आई शिकू शकते, हे आपल्या भगिनींना वेगळे सांगायला नको.

२०१६ साली ही इमारत स्थानिक कौन्सिलने सुमारे अडीच कोटी पौंडांना विकत घेतली. कॉलेज आपल्याच वास्तूत भाडेकरू झाले. इमारत पाडून तेथे घरे बांधण्याचा बेत होता. विद्यार्थी, शिक्षक आणि शेजारीपाजारी एकत्र आले. त्यांनी कॉलेज बचाव मोहीम उभारली आणि ती नेटाने चालविली.

१४ जून २०१७ च्या रात्री याच भागातील ग्रेनफेल टॉवरला आग लागली. ७२ माणसे गेली. रहिवाशांनी आधी दिलेल्या इशाऱ्यांकडे दुर्लक्ष झाले होते. त्यानंतर वस्तीचा आवाज दाबणे कौन्सिलला जड गेले. पाडकामाचा बेत मागे पडला, विक्रीच्या व्यवहाराची चौकशीही झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये हे कॉलेज मॉर्ले कॉलेजात विलीन झाले. मॉर्ले १८८९ चे. वॉटर्लू भागातील एका नाट्यगृहात एका पेनीत व्याख्याने होत, त्यांतून कामकरी स्त्री-पुरुषांसाठी ते उभे राहिले.

वाचकहो, कॉलेज बंद पाडायला दरवाजाला कुलूप लावावे लागत नाही. कागदावर मालक बदलला की पुरे. वर्ग चालू असतात, फळ्यावर खडू फिरत असतो, आणि पायाखालची जमीन दुसऱ्याची झालेली असते. तेव्हा आपल्या वस्तीतले वाचनालय, रात्रशाळा, बालवाडी कोणाच्या नावावर आहे, याची विचारणा या रविवारीच करा. जागा गेल्यावर काढलेल्या मोर्चापेक्षा वेळेवर पाहिलेला कागद अधिक उपयोगी पडतो.