पुढे चालणाऱ्याची पाठ

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या डंजनमध्ये पाच जण उतरतात: एक टँक, एक हीलर आणि मारा करणारे तिघं. मार अंगावर घेत पुढे असतो टँक, त्यामुळे गटाचं पुढारीपण त्याच्याकडे न मागता येतं. कधी निघायचं, कुठे थांबायचं, कुठला घोळका अंगावर घ्यायचा हे त्याच्या पावलांवर ठरतं. बाकीच्या चौघांना बहुतेक वेळ त्याची पाठच दिसते. मी बरीच वर्षं टँक खेळतोय आणि माझं मत आता पक्कं झालंय. ज्याचं पुढचं पाऊल मागच्यांना आधीच कळतं, तो टँक चांगला. शौर्य, चपळाई, भारी तलवार हे सगळं त्यानंतर.

ऑगस्ट २०१९ मध्ये या खेळाची जुन्या धाटणीची 'क्लासिक' आवृत्ती आली, तेव्हा आम्ही घरच्याघरी गट बांधला. मी वॉरियर. मामेबहीण प्रीस्ट, म्हणजे आमची हीलर; वयाने मोठी म्हणून ताई. तिचा मुलगा मेज, म्हणजे जादूगार; नुकताच बारावी झालेला, हाताला दम नसलेला. शिवाय दोन मित्र, एक नाशिकला, एक जर्मनीत.

शत्रूचा राग कुणावर किती, याचा या खेळात चोख हिशेब चालतो. माझ्यावरचा राग १०० धरला, तर जवळून लढणाऱ्याने ११० ची किंवा लांबून मारणाऱ्याने १३० ची रेघ ओलांडली की शत्रू मला सोडून त्याच्यावर धावतो. हीलरने जखमा भरल्या तरी राग वाढतोच, फक्त तो सगळ्या शत्रूंत वाटला जातो. म्हणून भाच्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, "माझे दोन घाव बसेपर्यंत हात आवर." पण मग ते दोन घाव दर वेळी त्याच लयीत पडणं, ही माझी जबाबदारी झाली. कधी लगेच, कधी रेंगाळत असं मी केलं, तर त्या पोराने कशाच्या भरवशावर थांबायचं?

ताईचं काम सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत कमी दिसणारं. मारा किती झाला याची यादी पडद्यावर झळकते आणि सगळे तिची वरची ओळ बघतात. ताईने मंत्र आवरता घेऊन वाचवलेली माना, म्हणजे मंत्रांना लागणारी शक्ती, कुणी मोजत नाही. प्रीस्टने माना खर्चली की पुढची पाच सेकंदं ती नीट भरत नाही. ही पाच सेकंदं तिला मिळतात की नाही, हे माझ्या चालण्यावर असतं. म्हणून माझी नजर शत्रूवर कमी आणि तिच्या मानाच्या निळ्या पट्टीवर जास्त. पट्टी पाव उरली की मी जागचा हलत नाही. "पाणी पितेय, थांब रे," असं तिला म्हणावं लागलं, तर मी उशिरा बघितलं असं समजतो.

हे सगळं कसाला लागतं स्कार्लेट मोनॅस्टरी या डंजनमध्ये. तिथले सैनिक मरायला टेकले की पळ काढतात आणि पुढच्या खोलीतल्यांना घेऊन परत येतात. त्यामुळे कुणाला कधी मारायचं हे आधी ठरलेलं हवं. मी डोक्यांवर खुणा लावतो. कवटी आधी, फुली नंतर आणि चंद्राला कुणी हात लावायचा नाही. त्याची भाच्याने मेंढी केलेली असते आणि एक ओरखडा जरी उठला तरी मेंढीचा परत माणूस होतो. क्रम कधीच बदलत नाही. बदलावा असं वाटलं तर निघायच्या आधी बोलतो, लढाईत नाही.

मोनॅस्टरीत शेवटी कॅथीड्रल. वेदीपाशी तिथला बडा शत्रू मोग्रेन उभा असतो. घाईने त्याच्यावर गेलात तर सभागृहात उरलेले सगळे त्याच्या मदतीला धावतात. म्हणून आधी दोन्ही बाजू एकेक करून मोकळ्या करायच्या. हे कंटाळवाणं काम असतं आणि नेमकी इथेच कुणाची तरी सबुरी सुटते. त्याला दटावण्यापेक्षा काम द्यावं. भाच्याला मी म्हटलं, "आता खुणा तू लाव." त्याने लावल्या, माझ्याहून नेटक्या लावल्या. "मामा, डावीकडच्याला मेंढी करतो, तुम्ही उजवीकडून घ्या," असं तो म्हणाला आणि मी उजवीकडून घेतलं. हे मला कुठल्याही लुटीपेक्षा मोलाचं वाटतं.

मोग्रेन पडला की त्याची साथीदार व्हाइटमेन दार उघडून धावत येते. तिचं आयुष्य निम्मं झालं की ती आम्हा पाचही जणांना झोपवते आणि मोग्रेनला पुन्हा उठवते. दहाएक सेकंदं कुणाची बोटं चालत नाहीत, ढाल उचलत नाही, मंत्र फुटत नाही. हेडफोनमधला आवाज तेवढा चालू असतो. तेव्हा मी एकेकाला नेमून देतो: "ताई, जाग आल्यावर आधी मला भर. मोग्रेन माझ्याकडे. बाकी तिघं व्हाइटमेनवर, तिचा मंत्र तोडायचा नाशिककराने." एकेक जण "हो" म्हणतो. जर्मनीतला जरा उशिराने म्हणतो. त्याचा "हो" येईपर्यंत मी पुढचं बोलत नाही.